काढ्याची कृती छापता, मग मापही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडीची चाहूल लागली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत काढे, हळदीचं दूध आणि गुळाचा चहा यांच्या कृती येऊ लागतात. शेवटची ओळ ठरलेली असते: ‘शक्यतो सेंद्रिय साहित्य वापरावे.’ किती घालायचं, किती दिवस प्यायचं आणि कुणी तोंडाला लावू नये, हे मात्र बहुतेक वेळा नसतं. आमची तक्रार एवढीच आहे, पण नीट मांडायची तर जागा थोडी जास्त लागेल.

‘सेंद्रिय’ हा शब्द माल शेतात कसा पिकला ते सांगतो. तो तुमच्या पोटाला, रक्तदाबाला किंवा झोपेला मानवेल का, हे त्या शब्दाला ठाऊक नसतं. सेंद्रिय ज्येष्ठमधानेही रक्तदाब चढतो आणि सेंद्रिय चहानेही झोप उडते. दुकानदार हे दोन प्रश्न एकाच पाकिटात बांधून विकतो आणि पुरवण्याही नकळत तेच करतात.

आधी पाकिटाबद्दल. आपल्याकडे सेंद्रिय प्रमाणपत्राच्या दोन वाटा आहेत. पहिली ‘एनपीओपी’ म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, २००१ पासूनची, अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या देखरेखीखालची. तिच्यात त्रयस्थ संस्था शेत आणि नोंदवह्या तपासते. दुसरी ‘पीजीएस-इंडिया’. तिच्यात शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. ती स्वस्त पडते आणि देशातल्या विक्रीला चालते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे सेंद्रिय अन्नाचे नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाले. तेव्हा पाकीटबंद मालावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह, सोबत या दोन्हींपैकी एका पद्धतीचं चिन्ह आणि चौदा आकडी परवाना क्रमांक सक्तीचा झाला. ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ असं लिहिलं असेल तर ते शेत अजून रासायनिककडून सेंद्रियकडे बदलाच्या काळात आहे, पूर्ण सेंद्रिय नाही. एनपीओपीमध्ये हा काळ हंगामी पिकांना किमान दोन वर्षं आणि बहुवार्षिक पिकांना तीन वर्षं धरतात. ‘केमिकल फ्री’, ‘नॅचरल’, ‘गावरान’, ‘फार्म फ्रेश’ या शब्दांच्या मागे कुठलंही प्रमाणपत्र नसतं.

विक्रेत्याने प्रमाणपत्राची प्रत दाखवली तर तीन गोष्टी बघा: मुदत, नाव आणि पिकांची यादी. यादी बघायचं बहुतेक जण विसरतात. द्राक्षबागेच्या प्रमाणपत्रावर जिरं विकता येत नाही. जिऱ्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो, देशातलं बहुतेक जिरं गुजरात आणि राजस्थानात पिकतं. त्यामुळे पुण्याच्या आठवडी बाजारात कुणी ‘आमच्या शेतातलं सेंद्रिय जिरं’ म्हणाला, तर तो शेतकरी नाही, व्यापारी आहे असं समजून कागद मागा. चहापत्तीचंही तसंच.

छोटा शेतकरी स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, आणि ते योग्यच आहे. त्याला कागदापेक्षा प्रश्न विचारावेत. हळदीवर करपा आला तेव्हा काय मारलं? तण कसं काढलं? बांधाच्या वरच्या अंगाला कुणाचं शेत आहे आणि तो काय फवारतो? जो खरंच करतो तो या प्रश्नांवर दहा मिनिटं बोलतो, त्यात स्वतःच्या चुकाही सांगतो. ‘आम्ही काहीच मारत नाही, सगळं देवाच्या भरवशावर’ असं उत्तर आलं तर जपून.

सगळंच सेंद्रिय घेणं बहुतेक घरांना परवडत नाही, मग पैसे कुठे घालायचे? गरम पेयांपुरतं बोलायचं तर पहिला नंबर चहापत्तीचा. खुडलेलं पान कारखान्यात मलूल केलं जातं, चुरलं जातं, आंबवलं जातं, वाळवलं जातं. धुतलं मात्र कुठेच जात नाही. त्याला पहिलं पाणी लागतं ते तुमच्या पातेल्यात, आणि ते पाणी आपण पितो. फवारणीतली जी औषधं पाण्यात विरघळतात ती कपात उतरतात, जी विरघळत नाहीत ती बरीचशी चोथ्याबरोबर जातात. म्हणून ज्या पानांचा अर्क आपण रोज पितो त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजणं पटण्यासारखं आहे. गवती चहा आणि तुळस तर विकतही घेऊ नयेत. गवती चहाचा एक ठोंब बारा इंची कुंडीत लावला आणि जमिनीपासून चार बोटं ठेवून कापत गेलं, की घरापुरती पानं निघतात. केळी आणि नारळ साली-करवंटीसकट थोडेच खातो, तिथे घाई नाही. सेंद्रिय साखर ही शेवटी साखरच.

हळद पूड घेण्यापेक्षा हळकुंड घ्यावं. वाळलेली हळकुंडं फिरत्या ड्रममध्ये घालून पॉलिश करतात आणि चकाकीसाठी रंग चढवायचा असेल तर तो याच टप्प्यावर चढतो. हळकुंड बोटांवर घासून पाहा, मग फोडून पाहा. बाहेरून झगझगीत पिवळं आणि बोटाला पिवळी पूड लागणारं, पण आतून फिकट, असं असेल तर ठेवून द्या. चांगलं हळकुंड बाहेरून मळकट आणि आतून गर्द केशरी असतं. पेल्यातल्या पाण्यात हळद टाकून बघायची चाचणी विरघळणाऱ्या रंगांना पकडते: खरी हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, रंग असेल तर पाणी गर्द पिवळं होतं. पण सर्वांत घातक भेसळ लेड क्रोमेटची, आणि त्यात शिसं असतं. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पेल्याच्या चाचणीत ते सहज निसटतं. म्हणून हळकुंडं आणून धुवायची, कडक उन्हात वाळवायची आणि ओळखीच्या गिरणीत दळून घ्यायची. गिरणीवाल्याला आधीच्या गिऱ्हाइकाचं मिरचीचं दळण झटकून काढायला सांगायला विसरू नये, नाहीतर हळदीच्या दुधाला ठसका लागतो.

गुळावर थोडं थांबावं लागेल, कारण सेंद्रिय गूळ या नावाखाली सर्वांत जास्त गैरसमज विकले जातात. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत तापू लागला की त्यातली मळी वर आणावी लागते. जुन्या पद्धतीत रानभेंडीचं खोड ठेचून पाण्यात भिजवतात आणि ते बुळबुळीत पाणी रसात सोडतात. मळी त्याला धरून फेसासारखी वर येते आणि झाऱ्याने काढून टाकता येते. असा गूळ तपकिरी होतो, कधी चॉकलेटी. बाजाराला मात्र पिवळाधमक गूळ हवा असतो, म्हणून काही ठिकाणी ‘हायड्रोस’ म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट टाकतात. त्याने रंग खुलतो, पण तो टिकत नाही. महिना-दोन महिन्यांत ढेप पुन्हा काळवंडते. हायड्रोसमुळे गुळात सल्फर डायऑक्साइड राहतो आणि दम्याच्या काही रुग्णांना त्याने धाप लागू शकते. पिवळा गूळ टाळावा हे इथवर बरोबर. पण म्हणून काळा गूळ सेंद्रिय ठरत नाही. जुनी ढेप काळी असते, तळाला लागलेल्या पाकाची काळी असते, आणि रासायनिक खतावर वाढलेल्या उसाचा गूळही हायड्रोस न घालता काळाच होतो. ‘रसायनविरहित गूळ’ आणि ‘सेंद्रिय उसाचा गूळ’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची हमी गुऱ्हाळवाला देऊ शकतो, दुसरीला प्रमाणपत्र लागतं.

गुळाचा चहा फाटला की गूळ भेसळीचा, असंही सर्रास म्हणतात. तसं नसतं. गूळ आंबटसर असतो आणि साठवणीत आणखी आंबट होतो, उकळत्या दुधाला तेवढं पुरतं. नेहमीसारखा दुधाचा चहा करून गॅस बंद करावा, मिनिटभर थांबून चिरलेला गूळ घालावा, ढवळून गाळावा आणि पुन्हा गॅसवर ठेवू नये. आणि मधुमेह असलेल्यांनी गूळ ‘चालतो’ म्हणून घालू नये. गुळाचा बहुतांश भाग साखरच आहे. लोह मिळतं म्हणावं तर चमचाभर गुळातून ते नगण्य मिळतं, आणि त्यावर चहा ओतला की तेवढंही धड लागू पडत नाही.

का, ते सांगतो. चहा-कॉफीतली टॅनिनं वनस्पतीजन्य लोहाला धरून बसतात आणि ते शोषू देत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा राज्यात पोळी-भाजीवर लगेच चहा ही सवय महागात पडते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलंय. ग्रीन टी याला अपवाद नाही. जेवणानंतर पचनासाठी म्हणून ती घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. लोहाची गोळी चहासोबत घेणं म्हणजे गोळी वाया घालवणं. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहाला हात लावायचा नाही. उठल्या उठल्या चहा लागतो अशा घरांत ही गोळी उशाशी ठेवावी, स्वयंपाकघरात नाही.

याच मार्गदर्शिकेत कॅफिनची दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम धरली आहे. दीडशे मिली फिल्टर कॉफीत ८० ते १२०, झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं. सकाळी दोन फिल्टर कॉफी आणि दिवसभरात तीन चहा, एवढ्यावर बेरीज सहज मर्यादेबाहेर जाते. प्यायलेल्या कॅफिनपैकी निम्मं अंगातून जायला साधारण पाच तास लागतात, गरोदरपणात त्याहून बराच जास्त वेळ. रात्री अकराला डोळा लागत नाही त्याचं कारण पुष्कळदा संध्याकाळच्या सहाच्या चहात असतं आणि दोष मात्र गादीला मिळतो.

आता काढा. आपल्या जुन्या शास्त्रात काढा, फांट आणि हिम असे वेगळे प्रकार आहेत, ते उगीच नाहीत. मुळं, साली, खोडं यांतला अर्क निघायला उकळावं लागतं, तो काढा. पानं, फुलं आणि सुगंधी वस्तूंवर गरम पाणी ओतून झाकून ठेवायचं, तो फांट. धने रात्री थंड पाण्यात भिजवून सकाळी गाळून घ्यायचे, तो हिम. पुरवण्यांतल्या कृतींत तुळस, गवती चहा, सुंठ, दालचिनी, वेलची असं सगळं एका पातेल्यात ‘पाणी निम्मं होईपर्यंत’ उकळतात. त्यात तुळस-वेलचीचा सुगंध घरभर जातो, कपात उरतो तो तिखट, कडू भाग. सुंठ आणि दालचिनी आधी पाच-सात मिनिटं उकळा, गॅस बंद करा, मग पानं घाला आणि पाच मिनिटं झाकण ठेवा. भांडं स्टीलचं घ्या. कोकम किंवा लिंबू पडणार असेल तर कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं अजिबात नको.

एवढ्या आठ-दहा वस्तूंच्या मिश्रणाची खरी अडचण वेगळीच आहे. तोंड आलं, छातीत जळजळ झाली, शौचाला त्रास झाला, तर कशामुळे ते कळत नाही. ‘उष्ण पडलं’ एवढंच म्हणून माणूस सगळंच सोडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे सगळंच चालू ठेवतो. मानवतं काय ते शोधायचं असेल तर एका वेळी एकच वस्तू घ्या. नुसतं कोमट पाणी हा पाया. त्यात पहिला आठवडा फक्त जिरं: एक कप पाण्याला पाऊण लहान चमचा, रोज एकाच वेळी. दुसऱ्या आठवड्यात जिरं बंद, फक्त सुंठ. पोट, झोप आणि शौच या तीनच गोष्टींची रोज एक ओळ कॅलेंडरच्या चौकोनात लिहा. त्या आठवड्यात बाकीचं खाणं बदलू नका, म्हणजे सणासुदीचा आठवडा यासाठी निवडू नका. दुधाने पोट फुगतं की हळदीने, हेही असंच कळतं. आधी चार दिवस नुसतं अर्धा कप दूध घ्या, मग त्यात हळद घाला.

काही वस्तूंच्या बाबतीत मात्र असा प्रयोगही नको. ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनने अंगात पाणी आणि मीठ धरून राहतं, पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ते टाळावं. ‘घशाला बरं वाटतं’ म्हणून दिवसभर कांडी चघळणं तर त्याहून जपून. दालचिनी म्हणून बाजारात जे जाड, कडक, एकाच पापुद्र्याचं साल मिळतं ते बहुधा कॅसिया असतं. खरी सिलोन दालचिनी पातळ पापुद्र्यांच्या एकात एक गुंडाळलेल्या सुरळीसारखी असते आणि बोटांनी चुरगळते. कॅसियात कूमारिन हे द्रव्य जास्त असतं आणि ते यकृताला त्रास देऊ शकतं. युरोपातल्या मर्यादेनुसार साठ किलोच्या माणसाने रोज दोन ग्रॅमच्या वर कॅसिया घेऊ नये. दोन ग्रॅम म्हणजे एक लहान चमचाही भरत नाही. ‘वजन घटवण्यासाठी रोज एक चमचा दालचिनी’ ही कृती त्यामुळे छापूच नये.

गुळवेलीचं प्रकरण अवघड आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि दिसायला सारख्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी असं म्हटलं. वाद कुणाच्याही बाजूने सुटो, वेल ओळखता येत नसेल तर कुंपणावरून तोडून उकळू नये, आणि यकृताचा किंवा स्वप्रतिकारक (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा) आजार असेल तर वैद्य किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, एवढं तरी दोन्ही बाजूंना मान्य व्हावं.

हळदीच्या दुधाला पाव लहान चमचा हळद पुरे. हळदीत खडे व्हायला हातभार लावणारं ऑक्झलेट बरंच असतं, म्हणून मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी रोज चमचा-चमचा घालू नये. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जास्त हळद आणि जास्त आलं, दोन्हींबाबत आधी विचारावं. एक वर्षाखालच्या बाळाला काढ्यातून, चाटणातून, कशातूनही मध देऊ नये.

तापमानाबद्दल कुणीच लिहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या ‘संभाव्य’ कारणांत घातली. पातेल्यातून ओतलेला चहा त्याहून बराच गरम असतो. कपात चार-पाच मिनिटं ठेवा, नाहीतर सरळ बशीत ओता. बशीत ओतून पिणाऱ्याला गावंढळ म्हणणाऱ्यांनी त्याच्या अन्ननलिकेचाही विचार करावा. आणि टपरीवर कागदी कपात सेंद्रिय चहा विकणाऱ्यांसाठी: आयआयटी खरगपूरच्या २०२० च्या अभ्यासात अशा कपात पंधरा मिनिटं ठेवलेल्या १०० मिली गरम पाण्यात प्लॅस्टिकचे साधारण २५ हजार सूक्ष्म कण सापडले. काचेचा ग्लास विसळून वापरला तर काय बिघडतं?

चहा-कॉफी मानवत नाही आणि काढ्याचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठी आपल्याकडे नाचणीची आंबील आहेच. दोन मोठे चमचे (सुमारे २० ग्रॅम) पीठ अर्धी वाटी पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवा. थंडीत बारा तास लागतात, उन्हाळ्यात सात-आठ. किंचित आंबूस वास आला पाहिजे. कुबट आला तर फेकून द्या. दोन वाट्या पाण्याला जिरं-मीठ घालून उकळी आणा, कालवलेलं पीठ सतत ढवळत सोडा, पाच-सात मिनिटांत कच्चा वास जाऊन चकाकी येते. गॅस बंद करून जरा निवल्यावरच अर्धी वाटी ताक घाला. आधी घातलं तर फुटतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे या कृतीत पिठातून सत्तरेक मिलिग्रॅम. चांगलं आहे, पण दिवसाची गरज एवढ्यावर भागत नाही. डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर घेतलेल्या नाचणीला फवारणी मुळातच कमी लागते, त्यामुळे ‘सेंद्रिय’ म्हणून दुप्पट भाव देण्याचं कारण क्वचितच असतं.

संपादक महाशय, कृती छापणं थांबवा असं आमचं म्हणणं नाही. ती अशी छापता येईल: ‘सुंठ-गवती चहा, एक कप. पाणी २०० मिली, सुंठपूड पाव लहान चमचा. पाच मिनिटं मंद उकळावी. गॅस बंद करून गवती चहाची दोन पानं कापून घालावीत, पाच मिनिटं झाकून गाळावं. गूळ घातल्यास एक लहान चमचा, मधुमेह असल्यास नाही. दिवसातून एकदा, सर्दी असेपर्यंत, सलग सात दिवसांहून जास्त नाही. छातीत जळजळ झाली किंवा तोंड आलं तर बंद करावं. रक्त पातळ होण्याची गोळी, पित्ताशयातले खडे किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.’ यासाठी चार ओळी जास्त लागतील. वाफाळत्या कपाचा फोटो थोडा लहान केला की त्या बसतील.

आपल्या,
दोन वाचक (एक आहारतज्ज्ञ, एक अन्नतंत्रज्ञ), पुणे